गाव विकत मिळत नाही : सोपारा, वसई आणि जमिनीच्या मालकीचा दोन हजार वर्षांचा हिशेब

१/
थ्रेड. मुंबईपासून दीड-दोन तासांवर, समुद्राला लागून, नारळी-केळींच्या वाड्यांत दडलेले निवांत ‘बोहेमियन’ गाव. मोजकेच प्लॉट शिल्लक. वसईच्या पश्चिम पट्ट्याविषयी या धाटणीच्या जाहिराती आता रोजच डोळ्यांपुढून जातात. भुईगाव, राजोडी, कळंब, अर्नाळा ही नावे आपण इतिहासाच्या ओढीने शिकलो. आता तीच नावे दरपत्रकात वाचावी लागतात.

२/
अशा जाहिरातीवर कोणी आक्षेप घेतला की एक ठरावीक उत्तर येते आणि ते बहुधा आपल्यासारख्या इतिहासप्रेमींकडूनच येते. “सोपारा हे प्राचीन बंदर. मौर्य आले, सातवाहन आले, शिलाहार, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज आले. बाहेरच्यांनी येऊन जमीन घेणे हाच तर या किनाऱ्याचा इतिहास. मग मी दहा गुंठे घेतले तर बिघडले कुठे?”

३/
हा थ्रेड त्या उत्तराच्या विरोधात आहे. या युक्तिवादातील पहिले विधान खरे आहे. निष्कर्ष मात्र खोटा. बाहेरचे लोक आले, त्यांनी जमिनी घेतल्या, हे निर्विवाद. परंतु ज्या कागदांनी, ताम्रपटांनी आणि शिलालेखांनी त्या जमिनी हस्तांतरित झाल्या ते उघडून वाचले, तर प्रत्येक ठिकाणी घेणाऱ्याच्या माथी काही ना काही देणे लिहिलेले सापडते. आजच्या खरेदीखतातून नेमके तेवढेच गळून पडले आहे.

४/
आधी एक खुलासा, म्हणजे वाद भरकटणार नाही. मुंबईत घर परवडेना म्हणून ज्यांनी नालासोपाऱ्यात वा विरारमध्ये संसार थाटला, त्यांच्याविरुद्ध येथे एक शब्दही नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. त्यातील बहुसंख्य माणसे राहायला आली आणि राहिली. माझा रोख आहे तो न राहण्यासाठी घेतलेल्या घरावर. वर्षातून वीस दिवस उघडणाऱ्या, उरलेले दिवस कुंपणाआड कुलूपबंद असणाऱ्या त्या ‘सेकंड होम’वर.

५/
आता पुराव्याकडे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, दहाव्या लेण्यात एक दीर्घ शिलालेख आहे. तो कोरविला उषवदाताने. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, दिनीकाचा पुत्र, शक कुळातील. आजच्या भाषेत बोलायचे तर पुरता ‘बाहेरचा’. आणि हाती सत्ता असलेला बाहेरचा. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक.

६/
या लेखात सोपाऱ्याचे नाव ‘शोर्पारग’ असे येते. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी आपण प्रवाशांसाठी निवारे बांधले, विहिरी-तळी खोदली, बागा लावल्या असे उषवदात सांगतो. पुढे तो ज्या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या त्यांची यादी देतो. तीत दमण आहे, तापी आहे आणि डहाणुकाही आहे. म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यातील डहाणूची खाडी. नानंगोल गावातील ३२,००० नारळीच्या झाडांचे दानही याच लेखात नोंदलेले असून ते घेणाऱ्या संघांमध्ये शोर्पारगाच्या रामतीर्थातील संघ आहे.

७/
आणि याच लेखात एक जमीनखरेदी आहे! उषवदाताने वाराहीपुत्र अश्विभूती नामक ब्राह्मणाकडून एक शेत ४,००० कार्षापणांना विकत घेतले. विकणाऱ्याचे नाव दिले आहे. ती जमीन त्याच्याकडे वडिलांकडून आली होती हे सांगितले आहे. नगराच्या सीमेच्या वायव्येला ती आहे, अशी जागाही नोंदविली आहे. शेवटी खरेदीचा हेतू : लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना या शेतातून अन्न मिळावे.

८/
जरा थांबून विचार करा. ज्याच्या सासऱ्याचे राज्य होते, त्याला एका ब्राह्मणाचे शेत घ्यायला किंमत मोजावी लागली. ती कोणाला मोजली आणि कशासाठी, हे कातळावर कोरून जाहीर करावे लागले. हे खरेदीखत बंद कपाटात ठेवलेले नाही. ते लेण्यात शिरणाऱ्या कोणालाही वाचता येते. इतिहासाचा दाखला देऊन प्लॉट घेऊ पाहणाऱ्याने आधी या लेखापुढे उभे राहावे.

९/
पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. नाशिकच्याच तिसऱ्या लेण्यात त्याचे आदेश आहेत. राज्यवर्ष १८ च्या आदेशात, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले पश्चिम कखडी गावातील २०० निवर्तने क्षेत्र भिक्षूंना दिलेले दिसते. राजसेवकांनी त्या शेतात शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, असे अभयही त्याला जोडलेले आहे.

१०/
खरा धडा सहा वर्षांनंतरचा आहे. राज्यवर्ष २४ चा आदेश सांगतो की कखडीचे जे शेत आम्ही पूर्वी दिले ते आता कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगरसीमेवरील राजकीय मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने देत आहोत. शेत कसले जात नाही, गाव वसलेले नाही. राजाचे दान, राजाचेच अभय, सारे जागच्या जागी होते. तरी ती जमीन निरुपयोगी ठरली, कारण तिच्यावर राबणारे हात आणि तिच्याभोवती जगणारे गाव उरले नव्हते.

११/
सातवाहनांच्या राजसभेला जे कळले, ते आपल्या गुंतवणूक-सल्लागारांना कळत नाही. निर्जन झालेल्या गावातील जमीन हा केवळ भूमितीचा एक आकार असतो. गावाचे मोल गावात राहणाऱ्यांमुळे असते आणि ‘निवांत गाव’ म्हणून जे विकले जाते ती निवांतता त्यांनीच सांभाळलेली असते. त्यांना उठवून ती विकत घेणे म्हणजे विहीर बुजवून पाणी मागणे.

१२/
शिलाहारांच्या काळात या. उत्तर कोकणातील भूमिदानाच्या लेखांवर शेवटी शापवचने असतात : दिलेली भूमी जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होईल, या अर्थाची. जे वाचू शकत नव्हते त्यांच्यासाठी दगडावर चित्र कोरले जाई. तेच आपले ‘गधेगाळ’. वर चंद्र-सूर्य, खाली ती अश्लील शापप्रतिमा. आपण त्यांच्या छायाचित्रांवर हसतो, ‘प्राचीन मीम’ म्हणून ते पुढे पाठवितो. वस्तुतः तो गावाच्या सीमेवर उभा केलेला कायदा होता. ही जमीन कोणाच्या तरी पोटाशी बांधलेली आहे, तिला हात लावताना विचार कर, असे सांगणारा.

१३/
“हे सारे दानाचे झाले. विक्रीचे काय?” रास्त प्रश्न. त्यासाठी क्षणभर गोव्यात जाऊ, कारण वसई हाती येण्यापूर्वी आठ वर्षे, १५२६ मध्ये, पोर्तुगीजांनी तेथील गावकाऱ्यांचे रूढ नियम लिहून काढले. अफोन्सो मेशिया याच्या नावे प्रसिद्ध असलेली ही सनद ‘फोराल’ म्हणून ओळखली जाते. गावातील सर्व गावकरांच्या संमतीवाचून कोणालाही जमीन विकता येत नाही, अशी रीत तीत नोंदलेली आहे. विक्रीला बंदी नव्हती. पण विक्री हा दोन माणसांचा खासगी व्यवहार नव्हता.

१४/
घाटावरील मराठी कागदपत्रांतही हेच चित्र आहे. गावात दोन प्रकारचे कास्तकार होते : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. उपरी बाहेरून येऊन ठरावीक मुदतीने कसणारा. उपऱ्याला मिरासदार होता येत असे. परंतु मिरासपत्र होताना पाटील, कुळकर्णी आणि गावचे लोक साक्षीला असत. वाद झाला तर गोतसभा बसे. शिवाय मिरास म्हणजे नुसता हक्क नव्हे. गावाचा सारा, मिरासपट्टी, बलुतेदारांचा वाटा आणि गावाच्या बऱ्यावाईटातील भागीदारीही तिच्यासोबत येई.

१५/
आज हा क्रम उलटा झाला आहे. गावात न राहणारा, न कसणारा मनुष्य एका सहीत मिरासदार होतो; आणि पिढ्यान्‌पिढ्या वाडी शिंपणारा स्वतःच्याच गावात उपरी ठरतो. समुद्राकडे जाणारी त्याची पायवाट नव्या कुंपणाने अडते. जाळी वाळविण्याची जागा कोणाच्या तरी ‘सी-व्ह्यू लॉन’मध्ये जाते. याला इतिहासाचे सातत्य म्हणायचे असेल, तर ते इतिहासाच्या कोणत्या कागदात लिहिले आहे, हे दाखवून द्यावे.

१६/
आता पोर्तुगीज. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या अंकित प्रदेशाचा ताबा पोर्तुगीजांना दिला. ‘उत्तर प्रांत’ उभा राहिला, त्याची राजधानी वसई. गावेच्या गावे फिदाल्गोंना, म्हणजे कुलीन पोर्तुगीजांना, पट्ट्याने दिली गेली. पट्टा बहुधा काही पिढ्यांपुरता असे. राजाला ‘फोरो’ नावाचा खंड द्यावा लागे. आणि मोठ्या पट्ट्यांसोबत प्रांताच्या रक्षणासाठी घोडा बाळगण्याची अटही असे.

१७/
येथे विरोधक म्हणेल, “हेच तर सेकंड होमचे पूर्वज!” अंशतः मान्य. हे जमीनदार वसईच्या कोटात राहत आणि खेड्यांतील भातावर जगत. खुद्द मुंबई बेट सोळाव्या शतकाच्या मध्यास गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होते. हा गोव्यात राहणारा, निजामशाही दरबारात वावरलेला विद्वान. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या वनौषधींवरील ग्रंथात तो आपल्या बेटावरच्या आंब्यांचे कौतुक करतो. दूरच्या गावातील बागेचा अभिमान मिरविणारा मालक, साडेचारशे वर्षांपूर्वीचा!

१८/
पण फरक पाहा. या शोषक व्यवस्थेतसुद्धा मालकी ही अटींची मालकी होती. खंड थकला तर पट्टा जाई; सेवा चुकली तर पट्टा जाई. पोर्तुगीज जमीनदारीचे गोडवे मला गायचे नाहीत. तिच्याखाली कुणबी भरडला गेला, धर्मसत्तेचा जाच झाला, आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या सैन्याला स्थानिकांचे साह्य मिळाले ते उगाच नव्हे. मुद्दा एवढाच, की ज्यांना आपण परकीय लुटारू म्हणतो त्यांच्या कागदातही मालकावर एक देणे होते. आजच्या ‘फ्रीहोल्ड’ प्लॉटवर किरकोळ घरपट्टीवाचून काहीही नाही.

१९/
किनाऱ्याचे सर्वांत बोलके उदाहरण खारजमिनीचे. खाडीला बांध घालून समुद्राकडून भातशेती मिळविणे ही कोकणची जुनी विद्या. अशा जमिनींच्या एका धारणापद्धतीला ‘शिलोत्री’ म्हणत. तिचे मर्म असे : बांध टिकला तर शेत टिकणार, म्हणून बांधाची निगा हा धारणेचाच भाग. बांधाच्या दुरुस्तीसाठी धारकांकडून धान्याच्या रूपात वाटा घेतला जाई. एकाने बांध सोडला तर खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरे. किनाऱ्यावरची मालकी स्वभावतःच सामाईक जोखमीची असते, हे शिलोत्रीने जाणले होते.

२०/
मग ही कर्तव्ये गेली कुठे? एकोणिसाव्या शतकात रयतवारी मोजणी झाली, नंबर पडले, खातेदार ठरला. सरकारशी त्याचे नाते साऱ्यापुरते उरले. सारा भरला की जमीन त्याची. विका, गहाण टाका. सावकाराच्या वहीत शेते जाऊ लागली ती याच वाटेने. गावाची संमती, बांधाचा वाटा, गोताची साक्ष या गोष्टी सातबाऱ्याच्या रकान्यांत मावणाऱ्या नव्हत्या. ज्याला आज आपण ‘नैसर्गिक’ मालकीहक्क समजतो, तो दोनशे वर्षांचाही जुना नाही.

२१/
स्वातंत्र्यानंतर कायद्याने हे चक्र उलटे फिरविण्याचा प्रयत्न केला. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. त्या दिवशी जमीन कसणारी कुळे त्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. कसेल त्याची जमीन! याच कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. आदिवासींच्या जमिनीसाठी महसूल संहितेत, कलम ३६ व ३६-अ मध्ये, याहून कडक निर्बंध आहेत.

२२/
‘बोहेमियन’ खरेदीदाराला कलम ६३ म्हणजे सरकारी कटकट वाटते आणि तिच्यातून वाट काढून देणारे दलालही त्याला भेटतात. पण आता मागे वळून पाहा. ‘शेत कसले जात नाही’ म्हणून दान बदलणारा नाशिकचा लेख, गावकरांची संमती मागणारी १५२६ ची रीत, बांधाचा वाटा मागणारी शिलोत्री आणि कसणाऱ्याला पुढे ठेवणारे कलम ६३ यांचा विचार एकच आहे. जमिनीवर राबण्याशी आणि गावाशी नाते असल्याखेरीज मालकी पूर्ण होत नाही. ती पळवाट शोधणारा मनुष्य कारकुनाला नव्हे, या सबंध परंपरेला चकवीत असतो.

२३/
‘बोहेमियन’ शब्दाविषयीही दोन ओळी. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये हा शब्द गरीब चित्रकार-लेखकांना लावला गेला. स्वस्त भाड्याच्या खोलीत, उधारीवर जगणाऱ्यांना. बोहेमियन हा भाडेकरू होता, कारण त्याच्यापाशी पैसा नव्हता. आज हा शब्द कोटीच्या घरात मोजल्या जाणाऱ्या बंगल्यांना चिकटविला जातो. आणि आपल्या वाडवळ, कुपारी, कोळी, भंडारी, मांगेला, वारली माणसांचे जगणे, जे त्यांच्यासाठी पहाटे उठणे आहे, घाम आहे, मासळीचे व फुलांचे ओझे आहे, ते माहितीपत्रकात ‘व्हाइब’ होते.

२४/
या पट्ट्यात नेमके काय पणाला लागले आहे ते पाहू. वसईची वाडी पाण्याच्या एका नाजूक हिशेबावर उभी आहे. केळी, पानवेल, भाजी, चाफा-मोगरा हे सारे विहिरीच्या गोड्या पाण्यावर. आणि विहीर बावखलावर. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले तळे. पावसाचे पाणी ते साठविते, जमिनीत मुरविते, विहिरींची पातळी राखते. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोड पाणी वर उपसले आणि खाली मुरविले नाही, तर पोकळी भरायला खारे पाणी येते. राजेळी केळ्यांपासून होणारी वसईची सुकेळी ही याच गोड्या पाण्याची देणगी.

२५/
प्लॉट पाडणाऱ्याच्या नकाशात बावखल म्हणजे भराव टाकायची जागा. त्यावर घर उभे राहते, शेजारी खोल बोअर जाते, कधी तरणतलावही होतो. यातली एकेक कृती क्षुल्लक वाटते. पण शिलोत्रीचा बांध आठवा : एकाने सोडला की पाणी सर्वांच्या शेतात. शेजारच्या वाडीतील विहीर खारट झाली, की तो शेजारीही पुढच्या वर्षी दलालाला फोन करतो. गाव असे विकले जाते, विहिरीमागून विहीर.

२६/
वसईला हे ठाऊक नव्हते असे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून पाण्याचा उपसा आणि बेबंद बांधकामे यांविरुद्ध लोकचळवळ उभारली. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते हेच. २००९ मध्ये चार नगरपरिषदा व ५३ गावे मिळून महापालिका झाली, तेव्हा गावे वगळावीत म्हणून लोक रस्त्यावर उतरले. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. ‘स्थानिकांना काही हरकत नाही’ असे म्हणणाऱ्याने हा ताजा इतिहासही वाचावा.

२७/
आता सर्वांत बळकट प्रतिवाद, जो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल : “विकतो कोण? स्थानिकच ना?” होय. सातबाऱ्यावर चौदा वारस, मजूर मिळत नाहीत, फुलांना भाव नाही, मुलगी परदेशी, मुलगा लोकलने चर्चगेटला. अशा माणसाने आपल्या सौंदर्यदृष्टीसाठी गरीब राहावे, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. विकणे हा त्याचा हक्क आहे. पण गोव्याच्या फोरालमध्येही विक्री होतीच. तिला गावाची संमती लागे, इतकेच. म्हणून मागणी विक्रीबंदीची नाही. मागणी आहे ती विक्रीला कर्तव्य पुन्हा जोडण्याची.

२८/
ते कसे? बावखले आणि समुद्राकडे जाणाऱ्या वहिवाटी गावनकाशावर व अभिलेखात नोंदल्या जाव्यात, म्हणजे मालक बदलला तरी त्या बदलणार नाहीत. बावखल बुजविणाऱ्याला बांधकामाची परवानगी नसावी. बंद घरांवर वेगळा कर असावा आणि तो गावाच्या पाण्यावर खर्च व्हावा. हीच आधुनिक शिलोत्री. मोठ्या प्लॉटिंगचा प्रस्ताव ग्रामसभेत, आणि जेथे महापालिका आहे तेथे प्रभागाच्या जाहीर सभेत, वाचला जावा. यातील एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. साऱ्यांना या किनाऱ्यावरचेच पूर्वज आहेत.

२९/
नियम मात्र उलट दिशेने सैल होत आहेत. १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र होते. २०१९ च्या अधिसूचनेने, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागांत, नवा आराखडा मंजूर झाल्यावर ते ५० मीटरवर आणले. मच्छीमाराच्या घरदुरुस्तीसाठी सवलत हवी, हे मान्यच. पण दाट वस्तीच्या नावाने उघडलेल्या या दारातून आधी कोण आत शिरते, ते किनाऱ्यावर जाऊन पाहावे.

३०/
आता आपल्याविषयी, हा थ्रेड मुख्यतः आपल्यासाठीच आहे. काही वर्षांपूर्वी मी एका बावखलाचे छायाचित्र येथे टाकले होते. कडेला कमळे, मागे केळीची वाडी. खाली दोन ओळी इतिहासाच्या. संध्याकाळपर्यंत आलेल्या संदेशांत इतिहासाविषयी मोजकेच प्रश्न होते. बाकीच्यांनी विचारले होते, ‘लोकेशन?’ आणि ‘इथे गुंठ्याला काय भाव?’ मी ते चित्र काढून टाकले. त्या दिवशी समजले की ‘अपरिचित गाव’, ‘लपलेला किनारा’ अशी आपली शीर्षके दलालाची निम्मी जाहिरात आयती लिहून देतात.

३१/
आपण किल्ल्याच्या तटावर नाव कोरणाऱ्याला झोडपतो, आणि ते योग्यच. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला. अशोकाच्या आठव्या आदेशलेखाचा तुकडा त्याच वर्षी सापडला आणि नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावात. अशा दगडाला ओरखडा पडला तर आपण पेटून उठू. पण ज्या गावाने तो दगड सांभाळला, त्या गावाची विहीर खारट झाली, तर त्याला आपण ‘विकास’ म्हणून पुढे सरकतो. वारसा फक्त दगडाचा असतो, असे आपल्याला कोणी शिकविले?

३२/
तरीही कोणाला येथे जमीन घ्यायचीच असेल तर त्याने निदान इतिहासकारासारखे वागावे. सातबारा हा आजचा शिलालेख आहे. तो पुरता वाचावा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणते कूळ, कोणाची वहिवाट, कोणता निर्बंध आहे? जुने फेरफार काय सांगतात? जमीन आदिवासीची होती काय? भरतीरेषेचा नकाशा काय म्हणतो? नकाशात तळे असून जागेवर सपाट माती आहे काय? आणि शेवटचा प्रश्न, जो कोणत्याही कार्यालयात विचारला जात नाही : येथे कोण राहणार आहे?

३३/
त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘मी’ असेल, तर अवश्य या. विहीर शेजाऱ्यासोबत वापरा, बावखलातला गाळ काढताना हात लावा, पायवाट मोकळी ठेवा, गावच्या भांडणात आणि जत्रेत असा. उपऱ्याचा मिरासदार असाच होत आला आहे. हा किनारा आलेल्यांनीच घडविला, पण ते आले आणि येथले झाले. उत्तर ‘कोणी नाही’ असेल, तर इतिहासाचा आधार घेऊ नका. तुमचा पूर्वज उषवदात नव्हे. शेत घेताना तेथे कोण जेवणार, हे तो कोरून गेला होता.

३४/
पुढच्या वेळी ‘मोजकेच प्लॉट शिल्लक’ असे वाचाल, तेव्हा राज्यवर्ष २४ चा तो आदेश आठवा. कखडी नावाचे एक गाव होते. तेथील जमिनीला राजाचे पूर्ण संरक्षण होते. कागद चोख होते. फक्त शेत कसले जात नव्हते आणि गाव वसलेले नव्हते. सोपारा ते अर्नाळा या पट्ट्यातील आपल्या गावांविषयी असे वाक्य पुढे कोणी लिहावे की नाही, हे आपल्या हयातीतच ठरणार आहे.

(थ्रेड समाप्त. आपल्या गावातील बावखल, शिलोत्रीचा बांध किंवा गधेगाळ यांविषयी माहिती असेल तर खाली अवश्य लिहा. ठिकाणाचा नकाशा मात्र जोडू नका.)